तिथे परदेशी, इथे ‘अनिवासी’: गल्फमधून येणारा पैसा नेमका पडतो कोणत्या खात्यात?

रत्नागिरी : डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव ९० रुपयांच्या वर गेला आणि मंडणगड, दापोली, खेड, गुहागरच्या गल्फवाल्या घरांत एकच हिशेब सुरू झाला. आता एका दिरहमचे किती? अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हे प्रमाण १९९७ पासून बदललेलं नाही. म्हणून डॉलर ९० ला गेला की दिरहम आपोआप साडेचोवीसच्या आसपास येतो. सौदीचा रियालही असाच डॉलरला बांधलेला आहे. दोन हजार दिरहम पाठवणाऱ्या माणसाच्या घरी ४९ हजार रुपये पडतात. पगार तोच, घरी येणारी रक्कम मात्र वाढली.

साहजिकच पैसे पाठवण्याचा वेग वाढतो. ‘भाव चांगला आहे, टाकून दे’ असं एकमेकांना सांगितलं जातं. पण तो पैसा पडतो कोणत्या खात्यात, ते खातं कुणाच्या नावावर आहे आणि उद्या माणूस अचानक परत आला किंवा त्याचं काही बरंवाईट झालं तर तो पैसा कुणाला काढता येईल, हे प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

हा विषय लहान नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार त्या वर्षी परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले आणि त्यातला सर्वात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला. केरळ १९.७ टक्क्यांवर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर. यात अमेरिकेतले आयटीवालेही धरलेत, हे खरं. तरी आपला जिल्हा पूर्वी मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचा आणि आज अनेक गावं गल्फच्या पैशावर चालतात, हे वेगळं सांगायला नको.

गल्फमध्ये काम करणारा माणूस दोन्हीकडे ‘बाहेरचा’ असतो. तिथे तो परदेशी, इथे कायद्याच्या भाषेत ‘अनिवासी’. दोन्हीकडे त्याच्या खात्याला वेगळे नियम लागतात आणि हे नियम अडचण आल्यावरच कळतात.

तिथलं खातं व्हिसा आहे तोवर

अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत किंवा एक्स्चेंज हाऊसमार्फत देण्याची पद्धत लागू झाली. पुढे सौदी, कतारमध्येही तशीच पद्धत आली. यामुळे पगार झाला की नाही याची सरकारी नोंद राहते, हा कामगाराचा मोठा फायदा आहे. पण कमी पगाराच्या कामगाराला बरेचदा खरं बँक खातं मिळतच नाही, फक्त पगाराचं कार्ड मिळतं. त्यावर पगार जमा होतो, एटीएममधून निघतो, बस. ते कार्ड कंपनीशी बांधलेलं असतं.

ज्यांचं बँक खातं आहे त्यांचंही खातं ओळखपत्राच्या मुदतीवर चालतं. सौदीत इकामा संपला की बँक खातं थांबवते. अमिरातीत एमिरेट्स आयडीची मुदत संपली आणि नवीन बँकेत दिलं नाही तर कार्ड अडकू शकतं. इकाम्याचं नूतनीकरण मालकाच्या हातात. मालकाने वेळेवर केलं नाही तर कामगाराचा स्वतःचा पैसा असूनही हाताला लागत नाही.

म्हणून वर्षभराची बचत तिथल्या खात्यात साठवून ‘सुट्टीला येताना एकदम आणतो’ हा बेत धोक्याचा आहे. तिकिटापुरता आणि एक-दोन महिन्यांच्या खर्चापुरता पैसा तिथे ठेवावा, बाकीचा दर महिन्याला घरी पाठवावा. आणि कार्ड व पिन मुकादमाकडे, कॅम्पवाल्याकडे किंवा रूममधल्या मित्राकडे ठेवू नये. विश्वासाचा माणूस असला तरीही.

इथलं जुनं बचत खातं आता चालत नाही

आता आपल्या बाजूला येऊ. गावातला मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला की परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, तो अनिवासी होतो. त्याचं गावातल्या शाखेतलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं. प्रत्यक्षात मात्र पाच-दहा वर्षं गल्फमध्ये असलेल्यांची साधी खाती तशीच चालू सापडतात. यासाठी कुणी लगेच पकडून नेत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण केवायसीची वेळ आली, मोठी रक्कम दिसली की बँक विचारणा करते आणि खातं अडकतं ते बरोबर घराच्या स्लॅबच्या वेळी.

दोन खात्यांतला फरक सोपा आहे.

एनआरओ खातं इथल्या कमाईसाठी. घराचं भाडं, आंब्याचे पैसे, वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला हे सगळं यात येतं. यावरचं व्याज करपात्र आहे आणि बँक उपकर धरून ३१.२ टक्के कर आधीच कापून घेते.

एनआरई खातं तिथल्या कमाईसाठी. यात मुख्यतः परदेशातून आलेला पैसा जमा होतो. यावरचं व्याज, माणूस अनिवासी असेपर्यंत, आयकरातून माफ आहे. मुद्दल आणि व्याज पुन्हा बाहेर न्यायचं झालं तर मोकळीक आहे.

हिशेब करून बघा. समजा, दहा लाखांची ठेव आहे आणि व्याज ७ टक्के आहे. वर्षाला ७० हजार व्याज. ही ठेव एनआरईत असेल तर ७० हजार पूर्ण हातात. तीच एनआरओत असेल तर २१ हजार ८४० रुपये आधीच कापले जातात. इथलं एकूण उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळू शकतात, पण आपल्याकडे किती जण भरतात? घाम तोच, पैसा तोच, फरक फक्त खात्याच्या नावाचा. आणि एकदा एनआरओत गेलेला पैसा एनआरईत न्यायचा तर कर भरल्याचे कागद आणि सीएचा दाखला लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून योग्य खात्यात टाकलेला बरा.

एक लक्षात ठेवा. एनआरईची मुदत ठेव किमान एक वर्षाची असते. वर्षाच्या आत मोडली तर काहीच व्याज मिळत नाही. आणि ही खाती बँकेतच उघडतात, पतसंस्थेत नाही. पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून गल्फचा पैसा तिकडे वळवणारे आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. संस्था बुडाली तर काय होतं हे आपल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

पैसा घरात, पण हक्क कुणाचा?

सर्वात नाजूक मुद्दा हा आहे. बऱ्याच घरांत पैसा वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यात येतो. बायकोने घरखर्चासाठी त्यांच्याकडे मागायचा. दुसरी पद्धत म्हणजे नवऱ्याच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि पिन बायकोकडे ठेवायचा. माणूस धडधाकट असेपर्यंत दोन्ही चालतं.

पण बँकेच्या नजरेने बघा. भावाच्या खात्यात टाकलेला पैसा कागदावर भावाचाच. त्यातून त्याने जमीन घेतली तर सातबाराही त्याच्याच नावावर. पुढे वाटणीच्या वेळी ‘पैसे मी पाठवले होते’ हे सिद्ध करायला जुन्या पावत्या शोधाव्या लागतात. आणि खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढणं, मग ती बायको का असेना, नियमात बसत नाही. मुखत्यारपत्र असलं तरी ते माणसाच्या मृत्यूबरोबर संपतं.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. एनआरई किंवा एनआरओ खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचं, म्हणजे बायकोचं किंवा आईचं, नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने जोडता येतं. याचा अर्थ, पहिला खातेदार असेपर्यंत खातं त्याचं आणि त्याच्यामागे दुसऱ्याचं. एनआरई खात्यात तो हयात असताना बायकोला व्यवहार करायचे असतील तर मुखत्यारपत्र द्यावं लागतं. वारसनोंदीचा नियमही १ नोव्हेंबर २०२५ पासून बदलला आहे. आता एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसा ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना देणारा विश्वस्त असतो. पण नॉमिनीच नसेल तर वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागू शकतात.

सर्वात साधा उपाय वेगळाच आहे. घरखर्चाचा पैसा थेट बायकोच्या स्वतःच्या खात्यात टाकायचा. नवऱ्याने बायकोला किंवा मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, मग रक्कम कितीही असो. ‘जास्त पाठवलं तर नोटीस येते’ या भीतीपोटी लोक रकमेचे तुकडे करून चार जणांच्या खात्यात टाकतात आणि त्यातून उलट घोळ वाढतो. बायकोने त्या पैशाची ठेव केली तर तिचं व्याज मात्र नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, एवढं ध्यानात ठेवावं.

तिकडे काय होतं? अमिरातीत खातेदार गेल्याचं कळलं की बँक खातं गोठवते. वारस कोण हे तिथे कोर्ट ठरवतं आणि त्यासाठी इथून साक्षांकित कागद पाठवावे लागतात. महिने जातात. तिथे पैसा साठवू नका म्हणण्यामागे हे दुसरं कारण आहे.

हुंडीचा आणा, खात्याला कुलूप

भाव वाढला की हुंडीवालेही जागे होतात. एक्स्चेंजपेक्षा दिरहमला ५० पैसे जास्त, फी नाही, तासाभरात घरपोच. दोन हजार दिरहमवर हजार रुपयांचा फायदा कुणाला नको?

पण हुंडीत तिथला दिरहम इकडे येतच नाही. तो तिथेच राहतो आणि इथे कुठूनतरी आलेले रुपये तुमच्या घरी पोहोचवले जातात. ते रुपये कुठले, हे तुम्हाला माहीत नसतं. आता घरपोच नोटांऐवजी अनोळखी खात्यातून ऑनलाईन पैसे टाकले जातात. ते पैसे कुणाला ऑनलाईन फसवून लुटलेले असतील तर पोलीस त्या पैशाचा माग काढत शेवटच्या खात्यापर्यंत येतात. शेवटचं खातं असतं दापोलीतल्या एखाद्या आईचं. तिचं खातं गोठतं आणि तक्रार असते परराज्यातली. ‘मुलाने पाठवले’ म्हणावं तर मुलाच्या नावाचा पुरावाच नाही. शिवाय फेमा कायद्यात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि हुंडीने आलेला पैसा कधीच एनआरई खात्यात जमा होत नाही, म्हणजे करमाफीही गेली.

फायदाच करायचा असेल तर दोन-तीन एक्स्चेंज हाऊस आणि बँकांच्या ॲपमधले भाव त्याच दिवशी ताडून बघा. ‘फी शून्य’ म्हणणारा भावात कापतो, म्हणून फी नव्हे तर घरी किती रुपये पडणार ते विचारा. दिरहममागे ३० पैशांचा फरक म्हणजे दोन हजार दिरहमला ६०० रुपये, वर्षाला ७ हजार २००. हा फायदा कायदेशीर आहे.

अमेरिकेने पैसे पाठवण्यावर कर लावला, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोख स्वरूपात पाठवलेल्या रकमेवर १ टक्का कर आहे, बँक खात्यातून पाठवलेल्यावर नाही. गल्फमधून येणाऱ्या पैशाशी त्याचा संबंधच नाही.

तिथलं कर्ज गावापर्यंत येतं

तिथे पगार सुरू झाला की क्रेडिट कार्ड आणि कर्ज सहज मिळतं. पूर्वी समज असा होता की नोकरी गेली तर विमान पकडायचं, बँक काय गावात येणार आहे? हा समज आता मोडीत निघाला आहे. १७ जानेवारी २०२० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार अमिरातीतल्या दिवाणी कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतो. इथे पुन्हा नवा दावा लढवायची बँकेला गरज नाही. शिवाय थकबाकी असेल तर तिथे प्रवासबंदीही लागू शकते, आणि पुन्हा दुबईला उतरायची वेळ आली तर विमानतळावरच अडचण.

नोकरी सुटल्यावर हिशेबाचे पैसे खात्यात येतात तेव्हा कर्ज देणारी बँक आधी आपली थकबाकी वळती करू शकते. म्हणून गावच्या घराच्या वरच्या मजल्यासाठी तिथून कर्ज काढताना हा विचार करावा.

हिशेबाच्या पैशाचं गणितही माहीत असू द्या. अमिरातीच्या कायद्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार १,२०० दिरहम आणि सेवा सहा वर्षं असेल तर १३५ दिवसांचे ५,४०० दिरहम, म्हणजे साधारण एक लाख ३२ हजार रुपये. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत ते द्यायचे असतात. पैसे हातात पडल्याशिवाय ‘सगळं मिळालं’ या कागदावर सही करू नका आणि खातंही बंद करू नका.

बाग घेताना जपून

गल्फच्या पैशाचं मोठं स्वप्न म्हणजे कलमांची बाग. इथे नियम कडक आहे. अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, घर किंवा फ्लॅट घेता येतो, पण शेती नाही. यावर ‘भावाच्या नावावर घेऊ’ ही पळवाट सर्रास काढली जाते आणि गावागावांतल्या भांडणांचं मूळ इथेच असतं. पैसा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा. शेतकरी असलेल्या बायकोच्या नावावर, तिला दिलेल्या पैशातून घ्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा, व्यवहार नंतर.

सुट्टीत आलात की

यंदा सुट्टीत आलेल्या प्रत्येकाने एक सकाळ बँकेत घालवावी. पासपोर्ट, व्हिसा किंवा इकाम्याची प्रत, पॅन आणि तिथला पत्ता एवढं घेऊन जावं. जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यावं, सोबत एनआरई उघडावं, नॉमिनी लिहावेत आणि बायकोला बरोबर न्यावं. तिला ठेवींच्या पावत्या कुठे आहेत आणि कोणत्या बँकेत काय आहे हे माहीत असायला हवं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनंतर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मागता येते, पण मागणाऱ्याला खातं होतं हे तरी ठाऊक हवं ना?

मोबाईल नंबरचंही बघा. इथलं सिम रिचार्जविना पडून राहिलं तर बंद होतं आणि नंबर दुसऱ्याला जातो. ओटीपी मग कुणाकडे जाणार? अमिराती, सौदी, ओमान, कतारचे नंबर एनआरई-एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून आहे. तुमची बँक ती सोय देते का ते विचारा.

आणि कायमचे परत आलात की तेही बँकेला सांगा. एनआरई खातं तेव्हा साधं होतं आणि व्याजावरची माफी संपते.

गल्फला जाताना आपण पासपोर्ट, मेडिकल, तिकीट दहा वेळा तपासतो. उन्हात उभं राहून कमावलेला पैसा ज्या खात्यात पडतो त्याचा फॉर्म मात्र शाखेतला शिपाई सांगेल तिथे सही करून देतो. भाव आज वर आहे, उद्या खाली येईल. खात्यावरचं नाव तेवढं बरोबर असू द्या.